पाळणाघराची नियमवही: ताप, हात आणि डबा

डोंबिवलीत पाळणाघर चालवताना दर जूनमध्ये नव्या पालकांच्या भेटी सुरू होतात आणि त्यांच्या प्रश्नांचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो: वेळ किती ते किती, फी किती, कॅमेरे आहेत का, आणि कॅमेऱ्याचे चित्रण मोबाईलवर पाहता येते का. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीचे चित्रण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तेव्हापासून कॅमेऱ्याचा प्रश्न वरच्या क्रमांकावर आला आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु हात धुण्याची जागा कुठे आहे, लंगोट बदलणारी मावशी आणि भात भरवणारी मावशी एकच आहे का, अंगात ताप असलेल्या मुलाला तुम्ही दारातून परत पाठवता का, हे प्रश्न क्वचितच येतात. मारहाण अपवादाने घडते. जुलाब, ताप, घशात अडकलेला घास आणि चुकीच्या मापाने पाजलेले औषध हे धोके मात्र रोजचे आहेत आणि कॅमेरा लावून त्यांचा बंदोबस्त होत नाही. त्यासाठी नियम लागतात आणि ते कागदावर लिहिलेले लागतात.

आमच्याकडे अशी नियमवही आहे आणि प्रवेशाच्या वेळी आई-वडील दोघांनी, घरी असतील तर आजी-आजोबांनीही, ती समोर बसून वाचावी असा माझा आग्रह असतो. सकाळी दार उघडते ती मावशी असते. समोर उभे असलेले गृहस्थ बँकेत अधिकारी असतात, त्यांची लोकल दहा मिनिटांवर आलेली असते, कडेवरचे मूल हाताला गरम लागत असते, आणि अशा वेळी 'साहेब, आज बाळाला घरी न्या' हे वाक्य उच्चारण्याचे बळ मावशीने कुठून आणावे? नियम तोंडी असेल तर ते बोलणे तिचा आगाऊपणा ठरतो. तोच नियम लिहिलेला असेल आणि त्याखाली त्या गृहस्थांची सही असेल, तर तिला वाद घालावा लागत नाही. ती फक्त थर्मामीटर दाखवते. मावशीला 'नाही' म्हणण्याचा अधिकार मिळणे हेच नियमवहीचे पहिले काम आहे, असे मी मानते.

तापाचा आमचा नियम असा आहे की काखेत धरलेल्या डिजिटल थर्मामीटरने १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दाखवले तर मूल त्या दिवशी घरी राहते आणि कोणतेही औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तरच परत येते. यातील 'औषध न देता' ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. सकाळी सात वाजता डोस पाजलेले मूल साडेआठला दारात अगदी थंड असते, हसत आत जाते, सर्वांच्या खेळण्यांना हात लावते आणि बाराच्या सुमारास जेवायला बसवताना अंग फुलासारखे कोमेजून मांडीवर कलंडते. तोवर आई फोर्टात पोचलेली असते. या आईला मी दोष देत नाही. वर्षाच्या किरकोळ रजा बाळाच्या सर्दी-तापातच संपलेल्या असतात आणि कार्यालयात प्रत्येक रजेची मान खाली घालून विनवणी करावी लागते, हे मी रोज ऐकते. म्हणूनच प्रवेशअर्जावर आम्ही दुसऱ्या एका व्यक्तीचे नाव मागतो. ही व्यक्ती डोंबिवलीत, ठाकुर्लीत किंवा फार तर कल्याणात राहणारी असावी आणि बोलावल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोचणारी असावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून इथे यायला एरवीही तासाभराहून अधिक वेळ लागतो, आणि पावसाळ्यात रुळांवर पाणी चढले की आईच्या येण्याची वेळ कोणीच सांगू शकत नाही. आत्या, मामी, शेजारच्या काकू, कोणीही चालते. परंतु ते नाव भरल्याशिवाय आम्ही मूल घेत नाही.

बाकी आजारांचे नियम थोडक्यात सांगता येतात. कांजिण्या आल्यास सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी राहते, गोवर असल्यास पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंड झाल्यास सूज आल्यापासून पाच दिवस. जुलाब किंवा उलट्या थांबल्यावर आम्ही आणखी दोन दिवस मोजतो. डोळे आले असतील तर चिकट स्राव पूर्ण थांबेपर्यंत थांबायला सांगतो. नुसते नाक वाहते म्हणून मात्र आम्ही कोणालाही परत पाठवत नाही. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे हे नेहमीचेच आहे आणि प्रत्येक वेळी घरी ठेवायचे म्हटले तर आईला नोकरीच सोडावी लागेल. मूल खेळत असेल, खात असेल आणि त्याला ताप नसेल, तर नाक पुसायला आम्ही आहोत. उवा झाल्या म्हणूनही मुलाला दाराबाहेर उभे करू नये; संध्याकाळी आईला बाजूला घेऊन हळूच सांगावे.

एक आजार मात्र नुसत्या रजेने आटोक्यात येत नाही. पावसाळ्यात तळहात, तळपाय आणि तोंडात पुरळ येणारा जो आजार डॉक्टर 'हँड, फूट अँड माउथ' म्हणून सांगतात, त्याचे विषाणू मूल बरे झाल्यावरही कित्येक आठवडे त्याच्या शौचातून बाहेर पडत राहतात. एवढे दिवस कोणालाच घरी ठेवता येणार नाही. मूल ताप उतरल्यावर, तोंड बरे होऊन जेवू लागल्यावर परत येणार आणि विषाणू त्याच्याबरोबर येणार, हे धरूनच चालावे लागते. अशा वेळी सारा भार लंगोट बदलणाऱ्या हातांवर येतो. या गटातील विषाणूंना चरबीचे वेष्टन नसते, त्यामुळे अल्कोहोलचे सॅनिटायझर त्यांच्यावर कमी पडते. कोविडच्या काळापासून दारोदार टांगलेल्या त्या बाटल्यांवर अनेक पाळणाघरे अजून विसंबून आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते. इथे साबण आणि वाहते पाणी यांना पर्याय नाही.

म्हणून लंगोट बदलण्याची पद्धत मी थोडी सविस्तर सांगते, कारण पालकांनी पाळणाघर पाहायला गेल्यावर सर्वप्रथम हीच पाहावी. आमच्याकडे ही जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून आणि जेवणाच्या चटईपासून दूर, न्हाणीघराला लागून आहे. रबरी चटईवर कागद अंथरला जातो. नवा लंगोट, ओला कापूस, मलम असेल तर कागदावर काढून घेतलेले थोडेसे मलम, हे सारे मुलाला आडवे करण्याआधीच हाताशी मांडलेले असते, म्हणजे मळलेल्या हाताने कपाट किंवा मलमाची डबी उघडावी लागत नाही आणि मुलाला क्षणभरही एकटे सोडावे लागत नाही. मुलींना पुढून मागे पुसायचे, उलट कधीही नाही. मळका लंगोट गुंडाळून झाकणाच्या, पायाने उघडणाऱ्या डब्यात टाकला जातो. मग मुलाचे हात धुतले जातात. हे अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु लंगोट बदलताना मुलाचा हात खाली जातोच आणि दुसऱ्याच क्षणी तोंडात जातो. त्यानंतर चटई आधी साबणाने आणि मग सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसली जाते. हे द्रावण रोज ताजे करावे लागते, कारण त्याची शक्ती उतरते, आणि ते शौचालयाच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळायचे नसते, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. सर्वांत शेवटी मावशी स्वतःचे हात वीस सेकंद, नखांच्या खाली आणि बोटांच्या बेचक्यांत साबण पोचेल असे धुते. बांगड्यांविषयी सांगताना मला सुरुवातीला संकोच वाटत असे. काचेच्या बांगड्या हातात असणे तिच्यासाठी सौभाग्याचे आहे आणि ते उतरवायला सांगण्याचा अधिकार मला नाही. म्हणून बांगड्या कोपराकडे सरकवून मनगट धुवायचे आणि अंगठी तेवढी कामापुरती काढून ठेवायची, असे आम्ही दोघींनी मिळून ठरवले.

ज्या दिवशी पाणी येत नाही, त्या दिवशी नियमाची खरी परीक्षा होते. घमेल्यात पाणी घेऊन दहा मुलांचे हात एकापाठोपाठ त्यात बुडवणे हे हात न धुण्याइतकेच वाईट आहे. तोटी असलेले झाकणाचे पिंप भरून ठेवले की बारीक धारेखाली थोड्या पाण्यातही सर्वांचे हात नीट धुऊन होतात. हात पुसायला एकच टॉवेल नको; प्रत्येक मुलाचा पंचा वेगळ्या खुंटीवर असावा आणि खुंटीवर नावाऐवजी पक्ष्याचे किंवा फळाचे चित्र असावे, म्हणजे दोन वर्षांचे मूलही आपला पंचा ओळखते. तोंडात गेलेली खेळणी वेगळ्या बादलीत टाकून धुतल्याशिवाय दुसऱ्या मुलाच्या हाती द्यायची नाहीत, हाही नियम याच पानावर आहे.

आता दुधाविषयी. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु त्यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. ज्या आईने ते पूर्ण घेतले, तिच्याकडे बाळ जन्मल्यावर १८ आठवडेच उरतात, म्हणजे बाळ चार महिन्यांचे होताच ती कामावर हजर होते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायला सांगते. या दोन हिशोबांमधले जे दोन महिने उरतात, ते आमच्यासारख्या पाळणाघरांच्या पदरात येतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असेही त्याच दुरुस्तीने ठरवले, आणि ही तरतूद फार चांगली आहे. परंतु सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये चार महिन्यांचे बाळ घेऊन डोंबिवलीहून मुंबई गाठणे कोणत्या आईला शक्य आहे? त्यामुळे कार्यालयात पाळणाघर असले तरी बाळ घराजवळच राहते आणि आईचे दूध काढून डब्यातून आमच्याकडे येते.

काढलेले दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते. आपल्याकडे मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात खोलीचे तापमान त्याच्या बरेच वर असते, म्हणून ते बर्फाच्या पिशवीसह आणावे आणि आल्याबरोबर फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नव्हे तर आत मागच्या बाजूला ठेवावे, असा नियम आहे. तिथे ते चार दिवस चालते. प्रत्येक बाटलीवर बाळाचे नाव, तारीख आणि काढल्याची वेळ लिहिलेली हवी. वेळ नसलेली बाटली आम्ही वापरत नाही. गरम करताना बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरायची. मायक्रोवेव्हमध्ये दूध असमान तापते आणि मधला एखादा घोट बाळाचे तोंड भाजू शकतो. पिऊन उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचे, मग आईला कितीही वाईट वाटो. पाजायला आम्ही वाटी-चमचा वापरतो. घरून बोंडले घेऊन येणाऱ्या आज्यांचा मला आदर आहे, परंतु त्याच्या चोचीच्या आत दुधाचा थर राहतो आणि तो दिसत नाही. ज्या बाळांना डॉक्टरांनी पावडरचे दूध सांगितले आहे, त्यांच्यासाठी पाणी उकळून, ते सत्तर अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर मिसळावी लागते, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग ते पिण्याइतके कोमट करून लगेच पाजायचे.

सहा महिन्यांनंतर डबा सुरू होतो आणि डब्याबरोबर आमच्या आणि पालकांच्या मतभेदांनाही सुरुवात होते. खिमट, मऊ वरण-भात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, पुढे इडली, धिरडे, भाजी घालून केलेली मऊ खिचडी हे सारे उत्तम आहे. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नये, गाईचे किंवा म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये आणि मध तर मुळीच चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंचे बीजाणू तान्ह्या आतड्यात विष तयार करू शकतात. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे गोल काप आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांखालील मुलांच्या डब्यात आली तर आम्ही ती बाजूला ठेवतो आणि संध्याकाळी परत देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची द्राक्षे घरोघरी येतात, तेव्हा ती उभी चिरून प्रत्येकाचे चार तुकडे करून आणावीत. घशात घास अडकला तर काय करायचे, वर्षाच्या आतल्या बाळाला पालथे धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब कसे द्यायचे, हे मावशीसह प्रत्येकीला बाहुलीवर करून दाखवता आले पाहिजे.

मतभेद होतो तो रिकाम्या डब्यावरून. संध्याकाळी डबा उघडून पाहणे ही आईची पहिली कृती असते आणि डबा रिकामा असला की तिचा जीव भांड्यात पडतो. हे मी समजू शकते. दिवसभर बाळापासून दूर राहिलेल्या आईला त्याच्या दिवसाचा तेवढाच पुरावा हाती लागतो. परंतु डबा संपलाच पाहिजे असा दबाव मावशीवर आला की ती एकतर मोबाईल समोर धरून घास कोंबते किंवा उरलेले टाकून देते, आणि दोन्हींत मुलाचे नुकसान आहे. काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने. तोंड फिरवले, ओठ मिटले, चमचा ढकलला की जेवण संपले. आमच्या रोजच्या वहीत 'सर्व खाल्ले' असा शेरा लिहायला मनाई आहे. 'वरण-भात पाव वाटी, दोन घास केळे, पाणी तीन वेळा, लघवी पाच वेळा' असे लिहायचे. गेल्या पावसाळ्यात एका आईला या नोंदींवरूनच आठवड्यात लघवी आणि खाणे दोन्ही कमी होत गेल्याचे दिसले आणि तिने वेळेवर डॉक्टर गाठले. रिकाम्या डब्यावरून तिला हे कळले नसते.

वाढदिवसाचा केक हा स्वतंत्र विषय आहे. कोणाला अंडे चालत नाही ते धर्मामुळे, कोणाला चालत नाही ते अ‍ॅलर्जीमुळे, आणि मावशीला दोन्ही यादी तोंडपाठ असाव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून बाहेरचे खाणे वाटायचे नाही. वाढदिवसाला फुगे आणावेत, गोष्टीचे पुस्तक आणावे. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची नावे ओट्यासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली असतात.

औषधाच्या बाबतीत मी सर्वांत कडक आहे आणि त्याचे कारण सांगते. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, आणि दुसऱ्या एका प्रकारात पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असते. दहा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम पुरते. 'ताप आला तर एक चमचा द्या' असे घाईत सांगून कोणी थेंबांची बाटली ठेवून गेले आणि मावशीने पाच मिलिलिटरचा चमचा भरून पाजला, तर त्या मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातील, म्हणजे मोठ्या माणसाची गोळी. म्हणून औषध मूळ बाटलीतच हवे, डॉक्टरांची चिठ्ठी हवी, मात्रा मिलिलिटरमध्ये लिहिलेली हवी, सुईविना सिरिंज सोबत हवी आणि शेवटचा डोस घरी किती वाजता दिला ते लिहून द्यायला हवे. खोकल्या-सर्दीची सिरपे आम्ही चिठ्ठीशिवाय हातातही घेत नाही. अशा सिरपांत असणारे क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. बाळगुटी घरी द्यायची की नाही हे घरच्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे, पाळणाघरात ती उगाळली जाणार नाही. झोप लागावी म्हणून जायफळ तर अजिबात नाही. शांत झोपलेली मुले पाहून भारावून जाणाऱ्या पालकांना मी सांगते की दुपारी सगळीच मुले एकदम आणि फार गाढ झोपत असतील, तर त्याचे कारण अवश्य विचारावे.

लसीकरणाच्या कार्डाची प्रत प्रवेशाच्या वेळी आणि नंतर प्रत्येक लसीनंतर आम्ही मागतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत आणि मुंबईच्या इतर भागांत गोवराची साथ आली, तेव्हा या कागदाचे मोल सर्वांना कळले. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. आमच्याकडे चार-पाच महिन्यांची बाळे असतात, त्यांना ती अजून मिळालेलीच नसते. त्यांचे रक्षण व्हायचे ते त्यांच्याभोवती रांगणाऱ्या मोठ्या मुलांच्या लसींमुळेच. एखादा पालक 'आमच्या मुलाला टोचून घ्यायचे नाही, तो आमचा प्रश्न आहे' असे म्हणतो, तेव्हा मी त्याला ती पाच महिन्यांची मुलगी दाखवते आणि नम्रपणे नकार देते.

शेवटचे पान मावशींचे आहे आणि ते लिहायला मला पालकांशी सर्वांत जास्त बोलावे लागले. मुलाला जुलाब झाले तर तो घरी राहतो. मावशीला झाले तर ती कामावर येते, कारण दिवसाचा पगार कापला गेला की तिच्या घरच्या किराण्याला कात्री लागते. ती पोटात कळ दाबून येते, काही सांगत नाही आणि दुपारी भात कालवते. आजारपणाची भरपगारी रजा नसलेल्या पाळणाघरात बाकीची सारी नियमवही अपुरी आहे. आम्ही मावशींना अशी रजा देतो आणि त्या दिवसांसाठी बदलीवर येणाऱ्या दोघी जणी आधीच शिकवून तयार ठेवल्या आहेत. त्यांचे मानधन फीमधून येते, त्यासाठी फी वाढली आहे आणि पावतीवर ती रक्कम 'मावशींची आजारपणाची रजा' अशा वेगळ्या ओळीत छापलेली असते. या ओळीबद्दल पालक विचारतात, तेव्हा मी त्यांना हेच सर्व सांगते. जूनमध्ये पाळणाघर शोधायला निघणाऱ्यांनी कॅमेऱ्याचे चित्रण कुठे दिसते हे जरूर विचारावे आणि त्याच बैठकीत तिथल्या मावशींना आजारपणात पगारी रजा मिळते का, हेही विचारावे.